नवा भाग बसवल्यावर डेस्कटॉप सुरू होत नसेल, तर तपासणी कशी करावी

डेस्कटॉप संगणकात नवी रॅम, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर किंवा एसएसडी बसवून पॉवर बटण दाबले आणि काहीच घडले नाही, किंवा पंखे फिरले पण पडदा काळाच राहिला, तर पहिला संशय साहजिकच नव्या भागावर जातो. नवा भाग सदोष निघू शकतो, यात शंका नाही. पण तो निष्कर्ष सर्वांत शेवटी काढायचा असतो. एक भाग बसवण्यासाठी कॅबिनेटमध्ये हात घातला की वाटेतल्या दोन-चार केबलांना धक्का लागतो, शेजारची रॅम किंचित उचलली जाते, एखादा कनेक्टर काढलेला असतो तो परत लावायचा राहून जातो. म्हणून अशा संगणकात आधी तपासायचे ते नव्या भागाला नव्हे, तर तो बसवताना झालेल्या कामाला.

या तपासणीचे एकच पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, संगणक सुरू करून पाहावा, आणि काय दिसले ते कागदावर लिहून ठेवावे. रॅम, केबल आणि बायॉसमधली (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, मदरबोर्डावरच्या प्रोग्रॅममधली) सेटिंग एकदम बदलली आणि संगणक सुरू झाला, तर काम झाल्याचे समाधान मिळते खरे, पण दोष कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तोच प्रकार घडला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, मागच्या बाजूला असलेला स्विच शून्याच्या खुणेकडे करावा, भिंतीतली पिन काढावी आणि मग संगणकाचे पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. संगणक बंद दिसत असला तरी पिन जोडलेली असेपर्यंत एसएमपीएस मदरबोर्डाला (सगळे भाग जिच्यावर जोडले जातात त्या मुख्य पाटीला) ५ व्होल्टचा राखीव पुरवठा देतच असतो, आणि पिन काढल्यावरही काही क्षण थोडा विद्युतभार शिल्लक राहतो. बटण दाबून धरल्याने तो निघून जातो. पुढे प्रत्येक वेळी कोणताही भाग काढण्याआधी किंवा बसवण्याआधी हेच करायचे आहे. आळस होतो तो नेमका याच ठिकाणी, आणि चालू पुरवठ्यात रॅम ओढून काढल्याने धडधाकट भागही निकामी होऊ शकतो.

अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला अधूनमधून हात लावावा, गालिच्यावर उभे राहून काम करू नये आणि कार्ड किंवा रॅम नेहमी कडेने धरावी. एसएमपीएसची स्वतःची पेटी मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यानंतरही जिवाला धोका होईल इतका विद्युतभार राहू शकतो.

हाताशी चांगला टॉर्च, फिलिप्स पेचकस आणि मदरबोर्डाची पुस्तिका असावी. पुस्तिका हरवली असल्यास बोर्डावर छापलेले मॉडेलचे नाव शोधून ती उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. तिच्याशिवाय पुढच्या निम्म्या गोष्टी अंदाजाने कराव्या लागतील. कोणतीही केबल काढण्यापूर्वी तिचा फोटो काढून ठेवणेही फार उपयोगी पडते.

लक्षण नेमके कोणते

‘संगणक सुरू होत नाही’ या एका वाक्यात चार वेगवेगळे बिघाड मावतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. पहिल्या प्रकारात बटण दाबल्यावर कोणताही पंखा हलत नाही, कोणताही दिवा लागत नाही. दुसऱ्यात पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर काहीच येत नाही. तिसऱ्यात संगणक क्षणभर सुरू होऊन बंद पडतो आणि कधी कधी आपोआप पुन्हा पुन्हा तेच करतो. चौथ्यात उत्पादकाचे चिन्ह दिसते, बायॉसमध्ये जाता येते, पण विंडोज किंवा लिनक्स सुरू होत नाही. आपला संगणक यांपैकी कशात बसतो हे आधी ठरवावे. चौथ्या प्रकारच्या बिघाडासाठी रॅम काढत बसणे किंवा पहिल्या प्रकारच्या बिघाडासाठी मॉनिटरची केबल बदलणे यात केवळ वेळ जातो.

काहीच हालचाल नसेल, तर

सुरुवात बाहेरून करावी. एसएमपीएसचा मागचा स्विच परत चालू केला आहे का, भिंतीतल्या सॉकेटमध्ये दुसरे उपकरण चालते का, एक्स्टेन्शन बोर्डाचे बटण चालू आहे का, हे प्रश्न पोरकट वाटले तरी विचारून टाकावेत. काम करताना वीज तोडलेली असते आणि जोडणी करताना हाच स्विच विसरला जातो.

त्यानंतर मदरबोर्डाला जाणारा २४ पिनांचा मोठा कनेक्टर पाहावा. तो बराच घट्ट असतो आणि त्याचा खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबावा लागतो. एक बाजू बसलेली आणि दुसरी दोन मिलिमीटर वर राहिलेली, असे वरवर पाहताना लक्षात येत नाही. पुरवठा जोडल्यावर अनेक मदरबोर्डांवर एक छोटा दिवा संगणक बंद असतानाही लागतो. तो लागत असेल तर राखीव पुरवठा बोर्डापर्यंत पोहोचतो आहे, आणि मग संशय पॉवर बटणाकडे वळवावा.

कॅबिनेटच्या बटणापासून येणारी दोन पिनांची बारीक वायर बोर्डाच्या खालच्या कडेला असलेल्या पिनांच्या पुंजक्यात लावलेली असते, आणि लांब ग्राफिक्स कार्ड बसवताना ती हमखास निसटते. पुस्तिकेतल्या आकृतीवरून पॉवर स्विचच्या दोन पिना शोधून वायर पुन्हा लावावी. स्विचला उलट-सुलट बाजू नसते, दिव्यांच्या वायरींना मात्र असते. बटणच बिघडले असल्याची शंका असेल, तर वायर काढून त्या दोन पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर एकदम टेकवावे. त्या पिनांवरचा विद्युतदाब अगदी कमी असल्याने यात धोका नाही, फक्त शेजारच्या दुसऱ्या पिनांना टोक लागू देऊ नये. याने संगणक सुरू झाला, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे.

तरीही काही होत नसेल, तर नवा भाग काढावा आणि जुन्या स्थितीत संगणक सुरू होतो का ते पाहावे. सुरू झाला, तर कुठेतरी शॉर्ट होत असण्याची शक्यता वाढते: आत पडलेला स्क्रू, कार्डाच्या मागच्या बाजूला टेकलेली धातूची पट्टी, वाकलेली यूएसबी पिन. मदरबोर्डच बदलला असेल, तर त्याच्याखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्डाला आधार देणारे छोटे खुंट) तपासणे अत्यावश्यक आहे. बोर्डाला जिथे छिद्र नाही अशा जागी एखादा जुना स्टँडऑफ राहिला, तर तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकतो आणि एसएमपीएस स्वतःच्या संरक्षणासाठी सुरू व्हायलाच नकार देतो.

एसएमपीएस तपासण्यासाठी २४ पिनांच्या कनेक्टरमधली सोळाव्या क्रमांकाची, म्हणजे बहुधा हिरवी, वायर कोणत्याही काळ्या वायरीशी तारेच्या तुकड्याने जोडण्याचा प्रयोग बराच सांगितला जातो. नवशिक्यांनी तो करू नये असे माझे मत आहे. हल्लीच्या अनेक एसएमपीएसमध्ये सगळ्या वायरी काळ्याच असतात, त्यामुळे पिन मोजण्यात चूक होऊ शकते. काहींचा पंखा भार कमी असताना फिरतच नाही. आणि फिरला तरी त्यावरून एवढेच समजते की एसएमपीएस रिकामा असताना सुरू होतो. ग्राफिक्स कार्डाचा भार तो पेलतो की नाही, हे या प्रयोगातून कळत नाही. ओळखीच्या माणसाकडचा चालू एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे हा त्याहून खात्रीचा मार्ग आहे.

मात्र दुसरा एसएमपीएस जोडताना, किंवा तोच भाग नवा घेतला असल्यास, त्याच्या स्वतःच्या केबलाच वापराव्यात. मॉड्युलर, म्हणजे केबला सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबलांचे मदरबोर्डाकडचे टोक ठरलेल्या मानकानुसार असते. एसएमपीएसकडच्या टोकाला असे कोणतेही सर्वमान्य मानक नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती जोडणी वेगळी असू शकते. जुनी केबल नव्या एसएमपीएसमध्ये नीट बसूही शकते, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क आणि एसएसडी क्षणात जळू शकतात. केबल ओढण्याचे कष्ट वाचवण्यासाठी जुन्याच केबला ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून हे आवर्जून सांगावेसे वाटते.

पंखे फिरतात, पण पडदा काळा

बहुतेक तक्रारी या प्रकारच्या असतात. कारणेही यातच सर्वांत जास्त असल्याने क्रम न मोडता पुढे जावे.

सर्वप्रथम मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डाच्या पोर्टला हवी, मदरबोर्डाच्या पोर्टला नव्हे. याच्या उलट बाजूही आहे: काही प्रोसेसरांमध्ये ग्राफिक्स नसतेच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर येते त्यांत ते नसते, आणि एएमडीच्या रायझन ५००० मालिकेपर्यंतच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत साधारणपणे ‘जी’ अक्षर असलेल्यांतच ते असते. असा प्रोसेसर बसवून, जुने कार्ड काढून ठेवून, केबल मदरबोर्डाला लावली तर सगळे भाग उत्तम असूनही पडदा काळाच राहणार. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडले आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट संयमाची. डीडीआर५ रॅमचे संगणक, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसण्याची जागा), नवी रॅम किंवा नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेण्यासाठी काही मिनिटे घेतात. या काळात पडदा काळा असतो आणि संगणक स्वतःहून एक-दोनदा बंद होऊन सुरूही होऊ शकतो. तीस सेकंदांनी घाबरून वीज तोडली की ही जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे काहीही न करता थांबावे. बायॉस अद्ययावत केल्यावर किंवा सीमॉस पुसल्यावरही (म्हणजे बायॉसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणल्यावरही) हीच प्रतीक्षा करावी लागते.

थांबूनही उपयोग झाला नाही, तर बोर्डाची साक्ष काढावी. अनेक मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्कवरून सुरू होणे) अशी नावे छापलेले चार छोटे दिवे असतात. सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात. ज्या टप्प्यावर गाडी अडते त्याचा दिवा लागलेलाच राहतो. काही महागड्या बोर्डांवर याऐवजी दोन अंकी सांकेतिक क्रमांक दिसतो आणि त्याचा अर्थ पुस्तिकेत दिलेला असतो. दोन्ही नसतील, तर बोर्डाच्या स्पीकरच्या पिनांवर लावायचा छोटा स्पीकर घ्यावा. तो स्वस्त असतो आणि बीपच्या आवाजातून दोषाचे क्षेत्र सांगतो. किती बीप म्हणजे काय, हे मात्र बायॉस बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलते, त्यामुळे कुठेतरी वाचलेली यादी न वापरता आपल्याच बोर्डाची पुस्तिका पाहावी. दिव्याने दाखवलेले क्षेत्र हा अंतिम निकाल मानू नये. डीरॅमचा दिवा प्रोसेसर सॉकेटमधली एक पिन वाकल्यामुळेही लागू शकतो, कारण रॅमशी बोलणारा नियंत्रक हल्ली प्रोसेसरमध्येच असतो.

सीपीयूचा दिवा लागला असेल, तर आधी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असलेला चार किंवा आठ पिनांचा प्रोसेसरचा वीजपुरवठा तपासावा. तो न लावता २४ पिनांचा कनेक्टर तेवढा लावला, तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळा राहतो. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला तसाच असतो, पण त्याच्या पिनांची रचना वेगळी असते. बसत नसेल तर जोर लावू नये, कनेक्टरवर छापलेले नाव वाचावे.

रॅमची तपासणी

रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढाव्यात आणि एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवावी. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर एकट्या पट्टीसाठी हीच जागा सांगितलेली असते, तरी पुस्तिकेतून खात्री करावी. पट्टी दोन्ही टोकांना खटका बसेपर्यंत दाबायची असते. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, आणि दुसरे टोक अर्धवट बसलेले राहणे हा या रचनेतला नेहमीचा दोष आहे. एका पट्टीने संगणक सुरू झाला, तर तीच पट्टी दुसऱ्या खाचांत आणि दुसरी पट्टी याच खाचेत लावून पाहावी. दोष पट्टीबरोबर फिरतो की खाचेबरोबर राहतो, यावरून उत्तर मिळते.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी पट्टीच्या कडेवरची चीर वेगळ्या जागी असते. त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत आणि बसवण्याचा प्रयत्नही करू नये. जुन्या पट्ट्यांच्या जोडीला वेगळ्या वेगाच्या किंवा वेगळ्या कंपनीच्या पट्ट्या घातल्या असतील, तर प्रत्येक पट्टी एकटी चालते पण सगळ्या मिळून चालत नाहीत, असेही घडते. अशा वेळी एकही पट्टी खराब नसते. बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही वेग वाढवणारी सेटिंग बंद करून मूळ वेगावर त्या चालतात का ते पाहावे. नाही चालल्या, तर एकाच संचातल्या पट्ट्या घेणे हाच शहाणपणाचा उपाय.

ग्राफिक्स कार्ड

कार्ड पूर्ण काढून पुन्हा बसवावे. खाचेच्या टोकाचा खटका लागला का आणि कार्डाची मागची धातूची पट्टी कॅबिनेटला अडून कार्ड तिरके तर बसत नाही ना, हे टॉर्चच्या उजेडात पाहावे. पीसीआय एक्स्प्रेसची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डांना स्वतंत्र केबल हवी. सहा पिनांचा कनेक्टर ७५ वॉटसाठी आणि आठ पिनांचा १५० वॉटसाठी ठरवलेला आहे. कार्डावर जितके कनेक्टर आहेत तितके सगळे जोडावे लागतात. बारीक सोळा पिनांचा नवा कनेक्टर असलेल्या कार्डांत तो पूर्ण आत गेला आहे का हे विशेष काळजीने पाहावे, कारण अर्धवट बसलेला असा कनेक्टर तापून वितळू शकतो.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डाला लावून पाहणे हा सर्वांत झटपट निवाडा आहे. तसे चालले आणि कार्डाने चालत नसले, तर कार्ड, त्याची केबल, एसएमपीएसची क्षमता आणि बायॉस एवढेच चार संशयित उरतात. फार जुन्या बोर्डावर अगदी नवे कार्ड बसवले असल्यास, बायॉस अद्ययावत केल्याशिवाय किंवा यूईएफआय ही बायॉसची नवी पद्धत निवडल्याशिवाय चित्र न येण्याची शक्यता असते. कार्ड उभे बसवण्यासाठी जोडकेबल वापरली असेल, तर ती तात्पुरती काढून कार्ड थेट खाचेत लावावे. जुन्या पिढीची जोडकेबल नव्या कार्डाचा वेग झेपत नसल्याने पडदा काळा ठेवते. बायॉसमध्ये त्या खाचेचा वेग जोडकेबलच्या पिढीइतका खाली आणला की अडचण सुटते.

प्रोसेसर आणि बायॉस

प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला म्हणजे तो चालेलच असे नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात, पण ६०० मालिकेचा जुना बोर्ड बायॉस अद्ययावत केल्याशिवाय तेराव्या पिढीला ओळखत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ सालच्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर आले, आणि तिथेही जुन्या बोर्डांना तोच नियम लागू होतो. बोर्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान कोणती बायॉस आवृत्ती लागते ते दिलेले असते. ही यादी प्रोसेसर विकत घेण्याआधी पाहायची. राहून गेले असेल तर आता पाहावी.

जुना प्रोसेसर जवळ असेल, तर तो परत बसवून बायॉस अद्ययावत करावा आणि मग नवा बसवावा. नसेल, आणि बोर्डाच्या मागे बायॉस फ्लॅशबॅकसारखे बटण असेल, तर प्रोसेसर नसतानाही हे काम होते: फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर पुस्तिकेत सांगितलेल्या नावाने फाइल ठेवायची, ठरलेल्या यूएसबी पोर्टला लावायची आणि बटण दाबून दिवा लुकलुकणे थांबेपर्यंत वाट पाहायची. अद्ययावत होत असताना वीज जाता कामा नये.

आवृत्ती योग्य असूनही चालत नसेल, तरच प्रोसेसर काढून पिना पाहाव्यात. एलजीए प्रकारात पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, एएम४मध्ये त्या प्रोसेसरखाली असतात. एएम४चा कूलर सरळ वर ओढला, तर दोघांमधल्या चिकटलेल्या उष्णतावाहक पेस्टमुळे प्रोसेसरही लॉक न उघडताच बाहेर येतो आणि पिना वाकतात. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करून, कूलर हलकेच गोल फिरवत सोडवणे हे त्यावरचे उत्तर.

क्षणभर सुरू होऊन बंद पडत असेल, तर

एक-दोन सेकंदांत बंद पडणे हे बहुधा शॉर्ट, अपुरा वीजपुरवठा किंवा अर्धवट जोडलेला कनेक्टर यांचे लक्षण असते. काही सेकंदांपासून एखाद्या मिनिटानंतर बंद पडणे हे उष्णतेचे लक्षण असू शकते. कूलरच्या तळाची संरक्षक प्लास्टिक फिल्म काढली होती का, चारही स्क्रू सारखे आवळले आहेत का आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन असे लिहिलेल्या पिनांवरच आहे का, हे पाहावे. पंखा दुसऱ्या पिनांवर लावला तर अनेक बोर्ड पंख्याचा दोष दाखवून थांबतात. संगणक सुरू राहतो पण गेम सुरू करताच बंद पडतो, असे असेल तर नव्या ग्राफिक्स कार्डाच्या मानाने एसएमपीएस अपुरा आहे का ते तपासावे.

सीमॉस पुसणे आणि कमीत कमी जोडणी

बायॉसच्या जुन्या सेटिंग नव्या भागाशी जुळत नसतील, तर त्या मूळ स्थितीत आणाव्या लागतात. वीज पूर्ण तोडून बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना काही सेकंद जोडाव्यात. हे करण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बायॉसमधली तुमची सगळी निवड, बूटचा क्रम आणि डिस्कची पद्धत धरून, पुसली जाईल. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर प्रोसेसर, बोर्ड किंवा बायॉसमधल्या बदलानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. अनेकांच्या संगणकात हे एन्क्रिप्शन त्यांच्या नकळत चालू असते. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की साठवलेली असेल, तर दुसऱ्या उपकरणावरून तिथे जाऊन ती आधीच लिहून घ्यावी.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर सगळे काढून टाकावे. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि चित्रासाठी आवश्यक असेल तरच ग्राफिक्स कार्ड, एवढेच ठेवावे. डिस्का, पेनड्राइव्ह, पुढच्या यूएसबी पोर्टांच्या वायरी, जादा पंखे आणि रोषणाईच्या पट्ट्या, सगळे सोडवावे. तरी सुरू होत नसेल, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून तेवढीच जोडणी करावी. बाहेर चालतो आणि आत चालत नाही, याचा अर्थ कॅबिनेटमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे. कमीत कमी जोडणीवर बायॉस दिसला, की एकेक भाग परत लावत जावा. ज्याच्यापाशी अडेल तिथे थांबावे.

बायॉस दिसतो, विंडोज नाही

इथे यंत्र ठीक आहे आणि प्रश्न डिस्क सापडण्याचा आहे. बायॉसमध्ये जुनी डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसेल आणि तुम्ही नवी एम.२ एसएसडी (बोर्डावरच्या खाचेत थेट बसणारी पातळ पट्टी) बसवली असेल, तर ती काढून बघावे. अनेक बोर्डांवर विशिष्ट एम.२ खाच वापरली की एक किंवा दोन साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायच्या जागा) आपोआप बंद होतात, आणि जुनी डिस्क नेमकी त्याच पोर्टवर असते. तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ती परत दिसू लागते. नवी एसएसडीच दिसत नसेल, तर ती साटा प्रकारची आहे की एनव्हीएमई प्रकारची आणि ती खाच त्या प्रकाराला चालते का, हे पुस्तिकेत पाहावे. आकार सारखाच असला तरी दोन्हींची भाषा वेगळी असते.

डिस्क दिसते पण बूट होत नाही, अशा वेळी बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला ठेवावा. जुनी दुसरी डिस्क काढून टाकल्यावर हा त्रास सुरू झाला असेल, तर बूटची माहिती त्याच डिस्कवर असण्याची शक्यता मोठी आहे. ती परत लावून खात्री करावी. सीमॉस पुसल्यानंतर निळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस उघडता येत नसल्याचा संदेश आला, तर साटाची पद्धत एएचसीआय आणि रेड यांपैकी पूर्वी जी होती ती परत निवडावी. जुन्या पद्धतीने बसवलेले विंडोज असेल, तर सीएसएम हा, जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारा, पर्याय पुन्हा चालू करावा लागतो. या दोन सेटिंग तपासण्याआधी विंडोज नव्याने टाकण्याची घाई करू नये, कारण बहुतेक वेळा डिस्कवरचा मजकूर जसाच्या तसा असतो.

नवा भाग खरोखर सदोष ठरवायचा असेल, तर तो दुसऱ्या चालू संगणकात लावून पाहावा, आणि आपल्या संगणकात जुना भाग व्यवस्थित चालतो याची खात्री करावी. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच आले, तरच बदलून मागावा. तक्रारीत बायॉसची आवृत्ती, लागलेल्या दिव्याचे नाव, बीपचा क्रम आणि कोणकोणत्या खाचांत तपासले ते लिहावे. कागदावरची टिपणे इथे कामी येतात. बोर्ड परत पाठवायचा असल्यास सॉकेटच्या पिनांचा स्पष्ट फोटो आधी काढावा आणि सॉकेटवर त्याचे प्लास्टिकचे झाकण न विसरता लावावे, कारण झाकणाशिवाय आलेला किंवा पिना वाकलेला बोर्ड वॉरंटीत सहसा घेतला जात नाही.